‘नाही’ ऐकण्याचा सराव

मुलांना विचार करायला शिकवलं पाहिजे, या वाक्याला विरोध करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पालकसभा असो की शिक्षकांचं प्रशिक्षण, माना डोलतातच. जरा खोदून विचारलं की कळतं, मान डोलावणाऱ्याच्या मनात कुणीतरी दुसराच असतो. विचार करायला त्यांनी शिकावं, आमचं बरं चाललंय.

मी माध्यमिकच्या मुलांना विज्ञान शिकवते. वर्गात शंकांचा दुष्काळ मला कधी जाणवला नाही. “कशावरून?” हा प्रश्न हल्लीची मुलं फटकन विचारतात. पुस्तकाला विचारतात, बातमीला विचारतात, मला तर विचारतातच. विचारू देत. पण हा प्रश्न ती कुठे विचारत नाहीत, ते बघण्यासारखं असतं. जो व्हिडिओ आवडलाय, जो अंदाज स्वतः बांधलाय, जी गोष्ट आधीपासूनच पटलेली आहे, तिथे आल्यावर शंका सुट्टीवर जाते. मोठ्यांचंही तेच, फक्त मोठी माणसं त्याला अनुभव म्हणतात.

वर्ष सुरू झालं की मी वर्गात एक खेळ घेते. फळ्यावर २, ४, ६ लिहायचं आणि सांगायचं, “हे त्रिकूट माझ्या मनातल्या एका नियमात बसतं. तुम्ही तुमची त्रिकुटं सांगा. मी फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ म्हणेन. नियमाची खात्री झाली की हात वर करा.”

“८, १०, १२.” बसतं. “२०, २२, २४.” बसतं. “१००, १०२, १०४.” बसतं. लगेच हात वर: दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या! मी म्हणते, हा माझा नियम नाही. मग चुळबुळ. “१, ३, ५?” बसतं. “७, ९, ११?” बसतं. दोनचा फरक! तोही नाही. “५, १०, १५?” बसतं. मग फरक सारखा हवा, दोनचाच असं काही नाही! तेही नाही. इथपर्यंत आलं की एखादं पोर चिडतं. “बाई, तुम्ही मधेच नियम बदलताय,” असा आरोपही माझ्यावर झालेला आहे. शेवटी कुणीतरी वैतागून काहीतरी भलतंच बोलून जातं. “६, ४, २.”

बसत नाही.

वर्ग गप्प. इतक्या वेळातला हा पहिलाच ‘नाही’. त्यानंतर फार वेळ लागत नाही. कुणी ५, १७, ९०० विचारतं, ते बसतं. कुणी ३, ३, ३ विचारतं, ते बसत नाही. नियम हाती येतो: चढत्या क्रमाने कोणत्याही तीन संख्या.

खेळ माझा नाही. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तो प्रयोग म्हणून प्रसिद्ध केला. त्याने २९ विद्यार्थ्यांना बसवलं होतं, आणि एकदाही चुकीचा नियम जाहीर न करता खऱ्या नियमापर्यंत पोचले ते फक्त ६. विद्यापीठात शिकणारी मुलं होती, तेव्हा हा बुद्धीचा तुटवडा नक्कीच नव्हता. मनात एक नियम धरायचा आणि त्याला साजेसे आकडे विचारत राहायचं, ही चाल जवळजवळ सगळ्यांची असते. प्रत्येक ‘बसतं’ खरं असतं, आणि प्रत्येक ‘बसतं’ने आपण जिथे होतो तिथेच राहतो. वर खात्री मात्र वाढत जाते.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी एक अट घालते. त्रिकूट सांगण्याआधी वहीत लिहायचं की उत्तर काय येईल असं वाटतं, आणि दर दोन-तीन त्रिकुटांमागे एक तरी असं विचारायचं की ज्याला ‘बसत नाही’ येईल अशी तुमची खात्री आहे. एवढ्याने खेळ निम्म्या वेळात संपतो. मला विचाराल तर चिकित्सक विचाराचा गाभा या अटीत आहे. ज्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, आणि आलं तर आपल्यालाच झोंबेल, असा प्रश्न मुद्दाम विचारता येणं. बाकी सगळा फाफटपसारा.

प्रयोगशाळेत ‘बसतं’ची हौस आणखी वाढते. लोलकाचा प्रयोग घ्या. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, दहा आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. उत्तर पुस्तकात छापलेलंच आहे, ९.८. मग काय होतं, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग बसवली जातात आणि सगळ्या प्रयोगवह्यांत ९.८ अवतरतं. जरा मुरलेली मुलं ९.७६ लिहितात, खरं वाटावं म्हणून! या पोरांना विज्ञान येत नाही असं कोण म्हणेल? गणित तर त्यांनी दोन्ही दिशांनी केलेलं असतं.

एकदा एका गटाचं उत्तर १२.१ आलं. मी टेबलापाशी पोचले तेव्हा खोडरबर बाहेर आलेला होता. म्हटलं, खोडू नका, इतकं जास्त का आलं ते शोधा. एकाचा तर्क असा की लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, आपण दोऱ्याच्या टोकापर्यंतच मोजली असेल. चांगला तर्क. पण गणित करून बघितल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की या चुकीने एखाद्या टक्क्याचा फरक पडेल आणि उत्तर कमी येईल, जास्त नाही. तर्क बाद. स्टॉपवॉच बिघडलं असेल? शेजारच्या गटाचं आणलं, तरी दहा आंदोलनांना साधारण अठरा सेकंदच. शेजारच्यांना मात्र वीस लागत होते. मग मी म्हटलं, आता मोठ्याने मोजा. गोळा सोडला, आणि सोडता सोडताच मोजणारा म्हणाला, “एक.” शेजारच्या गटातली मुलगी तिथूनच ओरडली, “अरे, शून्य म्हण!”

सोडतानाच ‘एक’ म्हटलं की ‘दहा’ म्हणेपर्यंत नऊच आंदोलनं झालेली असतात. अठराला नऊने भागा, दोन सेकंद येतात. गणित रांगेत आलं. त्या गटाने वहीत आधी १२.१ लिहिलं, खाली बाद झालेले दोन्ही तर्क कारणांसकट लिहिले, आणि मग सुधारलेलं उत्तर. मी पूर्ण गुण दिले. ज्यांचं पहिल्या फटक्यात ९.८ आलं होतं त्यांतल्या काहींना कमी मिळाले. त्यावरून जी तक्रार व्हायची ती झाली.

खोडरबराची सवय शाळेत संपत नाही, आणि तिची किंमत कधी कधी गुणांत मोजता येत नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. आतले सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही एक शाळाशिक्षिका होती. कारण सापडलं ते असं: इंधनाच्या रॉकेटचे भाग जिथे जोडलेले असतात तिथल्या सांध्यात रबरी कडी असते, ती थंडीत कडक झाली आणि सांधा नीट बंद झाला नाही. त्या सकाळी हवा होती जेमतेम २ अंश सेल्सिअस. आधीचं सगळ्यात थंड उड्डाण १२ अंशांच्या आसपास झालं होतं.

आदल्या रात्री यावर चर्चा झाली होती, आणि मुलांना मी सांगते तो भाग हाच. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते म्हणत होते, इतक्या थंडीत उडवू नका. समोरून, म्हणजे नासाकडून, विचारणा झाली, पुरावा दाखवा. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांची तापमानं पाहिली, तर इजा १२ अंशांना झालेली आणि २४ अंशांनाही झालेली. म्हणजे थंडीचा काही संबंध दिसत नाही! शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्याच अभियंत्यांचा सल्ला मागे घेतला आणि उड्डाण ठरलं.

या ठिकाणी मी थांबते आणि वर्गाला विचारते, टेबलावर काय नव्हतं? बराच वेळ उत्तर येत नाही, कारण नसलेली गोष्ट दिसत नाही. नव्हती ती इजा न झालेली उड्डाणं. पुढे चौकशी आयोगाने सगळीच्या सगळी २४ उड्डाणं एकत्र मांडली. साधारण १९ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाची २० उड्डाणं, त्यांतल्या फक्त ३ मध्ये इजा. १७ अंश किंवा त्याहून कमी तापमानाची ४ उड्डाणं, चारही इजेची. माहिती सगळी आधीपासून होती. कुणी लपवलेली नव्हती. ‘इजा कधी झाली’ हा प्रश्न विचारला गेला, ‘इजा कधी झाली नाही’ हा राहून गेला.

यावर मुलं म्हणतात, ते लोक इतके हुशार, मग कसं सुटलं? हुशारीचा इथे फारसा उपयोग होत नाही असं माझं मत आहे, उलट थोडा तोटाच होतो. हुशार माणसाला आपल्या मताच्या बाजूने पाच कारणं चटकन सुचतात, मंद माणसाला दोन. रने ब्लाँदलो हा फ्रान्समधला नाव कमावलेला भौतिकशास्त्रज्ञ. १९०३ मध्ये त्याने ‘एन-किरण’ शोधल्याचं जाहीर केलं आणि इतर अनेक वैज्ञानिकांनाही ते दिसायला लागले. पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड हा अमेरिकी शास्त्रज्ञ त्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. (हा लोलक म्हणजे दोऱ्याचा नव्हे, प्रकाशाचा. मराठीत दोघांनाही एकच नाव पडलंय, वर्गात दर वर्षी हशा.) लोलक नाही, तरी किरण दिसतच राहिले. नसलेले किरण बघायलाही प्रशिक्षित डोळे लागतात, म्हणायचं.

याच्या उलटं उदाहरण एका लहान मुलीचं आहे. एमिली रोझा, वय ९, शाळेचा विज्ञान प्रकल्प करत होती. त्या काळी अमेरिकेत ‘उपचारक स्पर्श’ नावाची पद्धत बऱ्याच परिचारिका वापरत असत. रुग्णाच्या अंगाला हात न लावता, वरून हात फिरवून त्याच्या शरीराभोवतीचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं, असा दावा. एमिलीने ऊर्जा असते की नसते यावर वाद घातला नाही. तिने एक पुठ्ठ्याचा पडदा केला. उपचार करणाऱ्याने पडद्यातून दोन्ही हात पलीकडे घालायचे, एमिलीने नाणं उडवून ठरवायचं की आपला हात त्याच्या डाव्या हातावर धरायचा की उजव्या, आणि त्याने ओळखायचं, कुठल्या हाताजवळ जाणवतंय. २१ जणांनी मिळून २८० वेळा सांगितलं. बरोबर आलं ४४ टक्के. डोळे मिटून काहीही सांगितलं असतं तरी निम्मं बरोबर आलं असतं. १९९८ मध्ये हा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला तेव्हा ती ११ वर्षांची होती.

हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात, ते ती मुलगी लहान होती म्हणून. मला आवडतो तो पडदा. ज्यांनी प्रयोगात भाग घेतला त्यांना मनापासून वाटत होतं की आपल्याला जाणवतं. त्यांना ‘नाही’ ऐकू येईल अशी सोय तोवर कुणी केलेली नव्हती, बस.

आता एक तक्रार. हल्ली क्रिटिकल थिंकिंगच्या नावाखाली सुटे तास असतात, सुट्या कार्यपुस्तिका असतात, आणि त्यात तर्कदोषांची नावं पाठ करायला दिलेली असतात. मला त्यांचा फार फायदा दिसलेला नाही. मुलं ती नावं शिकतात आणि दुसऱ्या दिवसापासून एकमेकांवर भिरकावतात. समोरच्याचा मुद्दा ऐकायच्या आत त्यावर दोषाचं लेबल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ मध्ये मांडलेला मुद्दा मला पटतो: चिकित्सक विचार हे एकदा शिकून कुठेही वापरता येणारं सुटं कौशल्य नाही, ज्या विषयाचा विचार करायचा त्याच्या ज्ञानाला ते चिकटलेलं असतं. १२.१ हे उत्तर विचित्र आहे हे कळायला आधी ९.८ माहीत असावं लागतं. दोऱ्याच्या लांबीचा तर्क बाद करायला सूत्र हाताशी असावं लागतं. तेव्हा ‘पाठांतर बंद करा, विचार शिकवा’ म्हणणाऱ्यांशीही माझं फारसं जमत नाही. कशाचा विचार शिकवू?

इंटरनेटवरच्या माहितीबद्दलही आपण मुलांना एक बिनकामाचा सल्ला देत आलोय: नीट, लक्षपूर्वक वाचा. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. १० इतिहासात पीएचडी केलेले, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी. लक्षपूर्वक वाचण्यात इतिहासकारांचा हात कोण धरणार? तरी त्यांच्यातले काही आणि विद्यार्थ्यांतले बरेच देखण्या मांडणीला आणि भारदस्त नावाला भुलले. तपासनीस त्या पानावर फार थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसरे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. स्वतःबद्दल सांगताना कुठलंही संकेतस्थळ ‘बसतं’च म्हणणार. ‘नाही’ मिळायचं तर बाहेर जावं लागतं. हे मी मुलांकडून करून घेते, मोबाइल हातात देऊन, आणि पानावर पहिल्या मिनिटानंतर रेंगाळणाऱ्याला टोकते. ज्या वर्गात “नीट वाच” म्हणून आयुष्य गेलं, त्याच वर्गात “वाचू नको, बाहेर पड” म्हणताना जरा गंमत वाटते.

शाळेतल्या सहकाऱ्यांचा आक्षेप एकच, आणि तो खरा आहे: वेळ. एका १२.१ मागे माझा पाऊण तास गेला, त्या वेळात धडा पुढे सरकला असता. मी काही प्रयोग गाळते. जे करते ते पूर्ण करते. यावर कुणाला राग येतो, येऊ दे. दुसरा आक्षेप तोंडावर कुणी घेत नाही, पण असतो. अशा मुलांना सांभाळणं अवघड जातं. ती गुणांवरून वाद घालतात, नियमांची कारणं मागतात, आणि कधी कधी नुसती दमवतात. सगळ्यावर अविश्वास दाखवणं म्हणजेच चिकित्सा, असा समज करून घेणारीही दोन-चार निघतात. त्यांना मी वेगळं गाठते, कारण काहीच न मानणाऱ्यालाही तपासायचे कष्ट पडत नाहीत. सगळं मानणाऱ्यासारखाच तोही आरामात असतो.

गेल्या वेळी चॅलेंजरची गोष्ट सांगून झाली, आणि एक मुलगा म्हणाला, “बाई, थंडीतली उड्डाणं चारच ना? चारवरून काय सिद्ध होतं? योगायोग असेल.” मी म्हटलं, काढू या. २४ उड्डाणांपैकी ७ इजेची. तापमानाचा काही संबंध नसता, तर कोणतीही ४ उड्डाणं उचलल्यावर चारही इजेची निघण्याची शक्यता किती? फळ्यावर गणित मांडलं: २४ मधून ४ निवडायचे प्रकार १०,६२६, आणि ७ मधून ४ निवडायचे ३५. म्हणजे साधारण ३०० मध्ये १. मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, ठीक आहे, मानलं.

तो खाली बसतोय तोच त्याच्या मागची मुलगी उठली. “पण बाई, १७ अंशांवर रेघ कुणी मारली? आकडे बघून झाल्यावरच मारली ना? मग कुठेतरी ३०० मध्ये १ येणारच की.”

प्रश्न बिनतोड होता. अर्धवट उत्तर वर्गातूनच आलं: रबर थंडीत कडक होतं, ही शंका अभियंत्यांना उड्डाणाच्या आधीपासून होती, तेव्हा थंडीकडे बोट आकडे बघून दाखवलेलं नव्हतं. ती म्हणाली, थंडी आधीची असेल, १७ आधीचे नाहीत. मग आम्ही रेघ हलवून बघायचं ठरवलं. घंटा झाली. चोवीसही उड्डाणांची तापमानं मी पुढच्या तासाला छापून नेणार आहे, इजेचा रकाना झाकून. रेघ कुठे मारायची ते आधी ठरवून वहीत लिहायचं आणि मगच रकाना उघडायचा, ही अट तिचीच.